अनावश्यक थांबा

आमच्या शाळेच्या ऑफिसात झेरॉक्स मशीनच्या वर एक फोटो लावलेला आहे. सत्काराचा. फोटोत चेअरमनसाहेब पूर्ण आले आहेत, शाल पूर्ण आली आहे, नारळसुद्धा शेंडीसकट आला आहे. ज्याला शाल घातली तो माणूस मात्र साहेबांच्या कोपराआड गेल्यामुळे अर्धाच दिसतो. एक कान, अर्धी मिशी आणि पांढऱ्या टोपीची कड. नवीन पालक ॲडमिशनला येतात तेव्हा विचारतात, "हे कोण?" मी सांगते, "आमचे चेअरमन." त्यापुढे कोणी विचारत नाही.

तो अर्धा माणूस म्हणजे कचरूनाना, आमच्या तीन नंबरच्या बसचे ड्रायव्हर.

मी या शाळेत कारकून आहे. बी.कॉम. आहे, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते, कारण आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा मी सटाण्याजवळच्या आमच्या गावी जाऊन आईला माझे हजेरीचे कागद दाखवले. ती स्वतः अंगठा लावते. माझ्या नावावरून तिनं बोट फिरवलं आणि विचारलं, "हाई तुनी सही शे का?" तेव्हापासून मी सही जपून करते. या सहीचं पुढे काम पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

शाळा नाशिकरोडच्या पुढे, रेल्वेलाइनच्या पलीकडे. तीन नंबरची बस गंगापूर रोडवरून निघायची, द्वारका चौकाच्या गर्दीतून वाट काढत यायची आणि शाळेच्या दोन किलोमीटर अलीकडे रेल्वेचं गेट लागायचं. गेटाचा नंबर सांगत नाही. नाशिककरांना अशी दोन-चार गेटं पाठ असतात, त्यांतलं कुठलंही धरा.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी द्वारकेला मावसबहिणीकडे राहत होते आणि याच बसने येत होते. पहिल्या दिवशी गेट सताड उघडं होतं. पुढच्या गाड्या सुसाट गेल्या. आमची बस मात्र रुळाच्या दहा पावलं अलीकडे थांबली. नानांनी गाणी बंद केली, पंखा बंद केला, खिडकीची काच खाली घेतली आणि मान न वळवता म्हणाले, "गप." अडतीस पोरं गप्प झाली. आमच्या मुख्याध्यापिका माइकवर तीनदा ओरडल्या तरी होत नाहीत, तशी गप्प. मग पोरांची चढउतार बघणाऱ्या सुमनमावशी खाली उतरल्या, फळा पुसायचं हिरवं फडकं हातात घेऊन रुळापर्यंत चालत गेल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं आणि फडकं हलवलं. बस पहिल्या गियरमध्ये निघाली आणि पलीकडे मागचं चाक रुळावरून उतरेपर्यंत पहिल्याच गियरमध्ये राहिली. मावशी पलीकडे परत चढल्या. गाणी लागली. पोरांचा आरडाओरडा जिथे तुटला होता तिथून पुढे सुरू झाला.

मला वाटलं, काहीतरी बिघाड असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मावशी रजेवर होत्या. गेट आलं. नाना म्हणाले, "बाई, तुमी उतरा."

"मी? मी ऑफिस स्टाफ आहे."

"मंग बरंच हाय. शिकल्यालं माणूस. दोनी बाजू नीट दिसतीन."

इस्त्रीचा ड्रेस, नवी पर्स, आणि हातात खडूने माखलेलं फडकं. नवरदेवाच्या घोड्यापुढे बेंजोवाला चालतो तशी मी बसपुढे चालले. एक मोटारसायकलवाला ओरडून गेला, "म्याडम, वरात कुणाची?" पलीकडे बसमध्ये चढले तेव्हा माझे कान तापले होते. मी म्हटलं, "नाना, इथे फाटक आहे, फाटकवाला आहे. गेट उघडं आहे म्हणजे गाडी येत नाही, एवढं साधं आहे."

"बिनफाटकाच्या रुळावर गाडीतल्या एकानं उतरून म्होरं चालायचं, आसं कायद्यात हाय," नाना म्हणाले.

"पण हे बिनफाटकाचं नाही ना!"

"नाय. फाटक हाय. आन् त्यो फाटकवाला माणूस हाय. त्याला बी ताप येतो, त्याला बी घरून फोन येतो. त्यानं त्याचं काम केलं आसंल. म्हून मी माझं करू नये का?"

 बी.कॉम.ला असं काही नव्हतं.

नाना चौथी पास. सिन्नरकडचे. तरुणपणी द्वारकेहून ट्रक चालवायचे. उंची बेताची, त्यामुळे सीटवर गोधडीची घडी घालून बसत. रोज सकाळी बसभोवती एक फेरी मारून प्रत्येक चाकाला लाथ घालायचे आणि कान देऊन आवाज ऐकायचे, कलिंगड घेताना बायका ऐकतात तसा. कुणी घाई केली की म्हणायचे, "शाळंला उशीर झाला तर वर्गाभाईर उभं करत्यात. तेवढंच." रेल्वेबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. रूळ तिचे, रस्ता तिचा, आपण मधून जाणारे पाहुणे. पाहुण्याने दार वाजवून आत यावं. म्हणून ते उघड्या दारावरसुद्धा वाजवत.

शाळेत त्यांच्याबद्दल एक गोष्ट पसरली होती की त्यांचा सख्खा भाऊ गेटावर गेला. कुणी म्हणे भाऊ, कुणी म्हणे मेहुणा, पी.टी.चे सर तर थेट पहिली बायको म्हणायचे. मी सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

नाना चहा ओतत होते. म्हणाले, "कोन नाय गेलं, बाई. समदे हायेत. भाऊ तर परवा जेवून गेला."

"मग?"

"कोन मेलं तरच शाणपन यावं का?" त्यांनी चहा बशीत घेतला. "उस्तादाकडं शिकत हुतो द्वारकेला. रुळावर गियर बदलला. गाडी पार झाली, काय झालं नाय. उस्तादानं पलीकडं गाडी बाजूला घ्यायला लावली आन् एक कानफटात दिली. म्हनला, रुळावर गियर बदलायचा नाय, गाडी बंद पडली तर तिथंच पडंल. बास."

"एवढंच?"

"एवढंच. चांगली बसली हुती."

पी.टी.च्या सरांना हे सांगितलं तर ते नाराज झाले. त्यांची आवृत्ती जास्त रंगलेली होती.

गेट बंद असलं की काय होतं, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. पण लिहिते, कारण सगळं त्यावरच आहे. डाव्या बाजूची रांग भरते. मग मागून येणाऱ्या एकाला वाटतं, उजवी बाजू रिकामीच आहे. तो तिकडून पुढे जातो. त्याच्यामागे दहा जातात. पलीकडच्या बाजूलाही अशीच हुशार माणसं राहत असल्यामुळे तिकडेही हेच होतं. गाडी निघून जाते, गेट वर होतं आणि दोन्हीकडे अख्खा रस्ता भरून समोरासमोर दोन फौजा उभ्या असतात. दोन्ही फौजा एकदमच निघतात आणि बरोबर रुळावर भेटतात. मग हॉर्न.

नाना आपली बस डावीकडेच ठेवत आणि पलीकडे बसच्या लांबीएवढी जागा मोकळी दिसल्याशिवाय रुळावर घालत नसत. मागचे बोंब मारत. एकदा एक पांढरी मोठी गाडी मागे लागली होती. तिच्या काचेवर एका भावी नगरसेवकाचा फोटो होता आणि तो स्वतःच ती चालवत होता. हॉर्न वाजवून थकला, तेव्हा उतरून नानांच्या खिडकीखाली आला.

"ओ काका! गेट उघडलंय, दिसत नाही का?"

"दिसतंय ना."

"मग घाला ना गाडी!"

"जागा व्हऊ द्या."

"मी कोण आहे माहितीय का?"

नानांनी खिडकीतून वाकून मागच्या गाडीच्या काचेवरचा फोटो नीट पाहिला, मग त्या माणसाला पाहिलं. "हा, तुमीच दिसताय. फोटोत हसताय पन. आता हसा की जरा." आणि बसची चावी काढून खिशात घातली, बाटली उघडून पाणी प्यायले. अडतीस पोरं खिडक्यांतून बाहेर लोंबत होती. त्यातल्या तिघांनी घरी जाऊन ही गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पहिली तक्रार आली: ड्रायव्हर उद्धट आहे.

मग जीपीएस आलं. सगळ्या बसना एक काळी डबी बसवली आणि माझ्या कॉम्प्युटरवर नाशिकचा नकाशा आला. बस कुठे थांबली, किती थांबली, सगळं दिसायचं. ठरलेल्या थांब्यावर हिरवा ठिपका. वाहतूक कोंडीत थांबली तरी हिरवा, कारण आजूबाजूच्या गाड्याही थांबलेल्या आहेत हे यंत्राला कळायचं. आणि मोकळ्या रस्त्यावर उगीच थांबली तर लाल ठिपका, आणि शेजारी शब्द: अनावश्यक थांबा. ऑफिसात हे यंत्र चालवता येणारी मी एकटी. रोज संध्याकाळी रिपोर्ट काढून, पंच करून फायलीला लावायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. तीन नंबरच्या बसला रोज दोन लाल ठिपके लागायचे. एक येताना, एक जाताना. एकाच जागी.

फाइल जाड झाली. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बस गेट उघडं असताना विनाकारण थांबते, मुलांची प्रार्थना बुडते." खाली सव्वीस अंगठे. चेअरमनसाहेबांनी नानांना बोलावलं. मुख्याध्यापिका होत्या, मी फाइल घेऊन उभी होते.

"कचरू, हे काय आहे?" साहेबांनी लाल ठिपक्यावर पेन आपटलं. "उद्यापासून गेट उघडं असेल तर बस थांबणार नाही."

"बरं साहेब," नाना म्हणाले. "लिहून द्या."

"काय लिहून द्या?"

"हेच. उघड्या गेटावर न थांबता, न बघता बस घालायची. काय झालं तर शाळा बगून घील. खाली सही."

साहेबांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. "म्याडम, तुम्ही काढा ऑर्डर."

"सर, हा वाहतूक समितीचा विषय आहे."

वाहतूक समितीचे अध्यक्ष साहेबच. त्यामुळे विषय खोलीत एक गोल फिरला आणि माझ्या टेबलावर येऊन बसला. मसुदा मी केला. पहिल्या मसुद्यात "न थांबता" होतं, ते "विनाविलंब" झालं. "न बघता" तर गेलंच, त्या जागी "योग्य ती काळजी घेऊन" आलं. "शाळा जबाबदार राहील" हे वाक्य तीन वेळा टाइप झालं आणि तीन वेळा खोडलं गेलं. शेवटी उरलं ते असं: चालकाने योग्य ती काळजी घेऊन विनाविलंब गेट ओलांडावे.

नानांनी ते ओळीखाली बोट धरून वाचलं. म्हणाले, "बाई, काळजी घेतली की इलंब व्हतोच. दोनातलं एक खोडा."

मुख्याध्यापिका आतून म्हणाल्या, "अगं, तू माझ्याकरिता सही करून टाक ना. 'करिता' लिहायचं आणि करायची."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रुळाकडे बघायचे तसं, आधी येतंय का काही ते बघावं तसं. "तुमी करताय का सही, बाई?"

मला आईचं बोट आठवलं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "शिक्का सापडत नाहीये." शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये होता. याला धाडस म्हणू नका. धाडस असतं तर "मी करणार नाही" म्हटलं असतं.

लेखी हुकूम निघाला नाही. तोंडी हुकमाला सही लागत नाही, त्यामुळे तो लगेच निघाला. सोमवारपासून नानांना बसवरून काढून शाळेच्या मेनगेटवर बसवलं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. जो माणूस गेटावर थांबतो म्हणून गुन्हेगार ठरला, त्याला शिक्षा म्हणून दिवसभर गेटावरच थांबवलं, यात कुणालाही काही गंमत वाटली नाही. नाना स्टुलावर बसायचे. पण तीन नंबरची बस आली की स्टुलावरून उठून तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि चाकांना लाथा घालायचे.

नवीन ड्रायव्हर विकी. गॉगल, दाढीला कंगवा, आणि रिपोर्ट हिरवागार. साहेबांनी तो ग्रुपवर टाकला. खाली छप्पन्न अंगठे.

दोन महिन्यांनी, शाळा सुटल्यावर, माझा फोन वाजला. सुमनमावशी. मागे इतके हॉर्न की शब्द कळेना.

"बाई, बस रुळावर हाय."

विकीही उजवीकडून पुढे गेला होता. गेट वर झालं, दोन फौजा भेटल्या. बसच्या नाकासमोर कांद्याची ट्रॉली, मागे रिक्षा, बस बरोबर मधोमध. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी फोन घेऊन मेनगेटकडे पळाले. नाना उठून उभेच होते, माझ्या पळण्यावरूनच त्यांना कळलं असावं. त्यांनी फोन हातातून घेतला.

"सुमन, पोरं उतरव. आधी उतरव, मंग बोल. दप्तरं ऱ्हाऊ दे."

फोन स्पीकरवरच होता. पोरांची रडारड ऐकू येत होती. आणि त्यामागे तो आवाज. रेल्वेचा भोंगा. लांब, मग पुन्हा लांब.

"भोंगा जवळ येतोय का एकाच जागेवरून वाजतोय?" नाना म्हणाले.

"आं?"

"कान दे. जवळ येतोय का?"

मावशींनी फोन कानापासून दूर धरला असावा, हॉर्न मोठे झाले. "एकाच जागी हाय, नाना."

"मंग ती सिग्नलला उभी हाय. गेट लागल्याबिगर तिला सिग्नल मिळत नाय. तरी बी पोरं खाली पायजेत. रस्त्याच्या कडंनं शाळंकडं चालव, रुळाच्या कडंनं नको. मोजून घे. आडतीस."

शेवटचं पोर उतरल्यावर मावशी म्हणाल्या, "आडतीस." नानांनी फोन मला दिला आणि स्टुलावर बसले. पाण्याची बाटली उघडली. प्यायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, "गियर कोनता व्हता त्याचा?"

कुणालाही खरचटलं नाही. बस अकरा मिनिटं रुळावर होती.

सगळी पोरं घरी पोचल्यावर मी रिपोर्ट काढला. त्या जागेवर ठिपका होता. हिरवा. शेजारी लिहिलं होतं: वाहतूक कोंडी, ११ मिनिटे.

 मी जुनी फाइल काढली, नानांचा एक रिपोर्ट काढला, दोन्ही कागद एकाखाली एक चिकटवले आणि खाली लिहिलं: "दोन्ही थांबे एकाच ठिकाणचे आहेत. लाल आहे तो रुळाअलीकडचा, चार मिनिटांचा. हिरवा आहे तो रुळावरचा." खाली सही केली. 'करिता' न लिहिता. शिक्काही मारला, तो सापडला होता.

साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हे पालकांना दाखवू नका." पण पालकांना दाखवायला अडतीस जण आधीच घरी गेले होते. प्रार्थना बुडते म्हणून तक्रार करणाऱ्यानेच ग्रुपवर लिहिलं, "कचरूकाकांना परत आणा." अंगठे मी मोजले नाहीत.

आठवड्याच्या आत नाना बसवर आले आणि शालीचा कार्यक्रम झाला. साहेब म्हणाले, "सुरक्षितता हे आपल्या संस्थेचं पहिल्यापासूनचं धोरण आहे." टाळ्या. मग नानांसमोर माइक धरला. नाना म्हणाले, "सुमनला बूट द्या. खडीत चप्पल अडकती." आणि खाली उतरले. फोटोग्राफरला दुसरा फोटो काढायला वेळच मिळाला नाही, म्हणून भिंतीवर तो अर्धा फोटो आहे. बूट मिळाले, दोन नंबर मोठे.

लाल ठिपके मात्र शेवटपर्यंत लागले. मी जीपीएसवाल्या कंपनीला फोन केला होता. तिकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "म्याडम, सिस्टीममध्ये 'सावधगिरी' असं कारणच नाहीये." नानांच्या शेवटच्या दिवशी मी त्या दिवसाचा रिपोर्ट काढून त्यांना दिला. दोन लाल ठिपके. त्यांनी चष्मा लावून पाहिले, कागदाची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. निरोपाच्या सत्काराचा नारळ ते टेबलावरच विसरले.

गेल्या महिन्यात ते दिसले. सकाळी दहाला साहेबांची मीटिंग होती, फाइल माझ्या स्कूटीच्या डिकीत, आणि गेट बंद. लोक दांड्याखालून मोटारसायकली आडव्या करून काढत होते. पोटाशी दुधाच्या किटल्या, मागे बायको, सगळं वाकवून. मीही स्कूटी तिरकी केली होती. आरसा दांड्याखालून गेलासुद्धा होता. तेव्हा पलीकडे लक्ष गेलं. गर्दीपासून वेगळे, रुळापासून दहा पावलांवर, हातात मेथीची पिशवी घेऊन नाना एकटेच उभे होते. पायी. पायी चालणारा माणूस तर सहज जातो, फाटकवालाही काही म्हणत नाही.

त्यांनी मला पाहिलं. हात केला नाही, मान हलवली नाही. नुसते बघत राहिले, आणि मग डावीकडे, गाडी यायच्या दिशेला बघू लागले.

मी स्कूटी मागे ओढली. मागचा ओरडला, "ओ म्याडम, जायचं नाय तर बाजूला व्हा ना!" मी बाजूला झाले. मालगाडी आली, डबेच डबे, संपता संपेना. गेट वर झालं. दोन्ही फौजा निघाल्या, भेटल्या, हॉर्न सुरू झाले. त्या गोंधळात नाना रुळाशी थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं, आणि गाड्यांच्या मधून अलीकडे आले. माझ्याजवळ थांबले.

"किती मिंटं झाली, बाई?"

मी घड्याळ पाहिलं. "नऊ."

"मंग आज तुमाला लाल लागतंय," नाना म्हणाले आणि मेथीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन रस्त्याच्या डाव्या कडेने चालू लागले.